रोजच्या व्यवहारातलं गणित : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बचत गटाची मासिक बैठक असो, पालकसभा असो की गावातला शेतकरी मेळावा, हिशेबाचा विषय निघाला की ठरावीक प्रश्न हमखास समोर येतात. तेच इथे उत्तरांसह घेतले आहेत. उत्तरांतले भाव आणि दर समजावण्यापुरते, सोपे पूर्णांक धरलेले आहेत. तुमच्या बिलावरचा किंवा पावतीवरचा आकडा तिथे घाला, रीत तीच राहील.

शाळेत गणितात कायम काठावर पास झालो. मला हे जमेल का?

जमेल. इथे लागणारं गणित सातवी-आठवीच्या पुढे जात नाही: बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार, टक्केवारी, क्षेत्रफळ आणि त्रैराशिक. आकडेमोड मोबाइलवर होते. कशाला कशाने भागायचं, एवढंच आपण ठरवायचं असतं.

त्यासाठी एक सवय लावून घ्या. कुठलाही आकडा ऐकला की विचारा, हा कशावर? दहा टक्के सूट, पण छापील किमतीवर की आधीच कमी केलेल्या किमतीवर? दोन रुपये व्याज, पण महिन्याला की वर्षाला? उरलेल्या मुदलावर की पहिल्या दिवशीच्या? लोकांचे पैसे जाताना आम्ही पाहतो ते बहुतेक वेळा हा प्रश्न विचारायचा राहून गेल्यामुळे. गुणाकार चुकल्यामुळे फार क्वचित.

दुसरी सवय अंदाजाची. ४८७ रुपये किलोचे काजू सव्वादोन किलो घेतले, तर ५०० धरून सव्वादोनपट म्हणजे ११२५, आणि खरं उत्तर त्याहून थोडं कमी. ते १०९५ रुपये ७५ पैसे येतं. दुकानातल्या यंत्रावर दुसरंच काही दिसलं, तर पैसे देण्याआधीच लक्षात येईल.

त्रैराशिक म्हणजे नेमकं काय आणि ते कुठे लावायचं?

तीन गोष्टी माहीत असताना चौथी काढायची, ते त्रैराशिक. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) त्याचं एक सुंदर उदाहरण आहे: अडीच पल (पल हे जुनं वजन) केशर तीन सप्तमांश निष्काला (निष्क हे जुनं नाणं) मिळतं, तर नऊ निष्कांना किती मिळेल? नऊमध्ये तीन सप्तमांश २१ वेळा बसतात. म्हणून केशरही अडीचच्या २१ पट, म्हणजे साडेबावन्न पल. केशराच्या जागी तूरडाळ ठेवा आणि निष्काच्या जागी रुपये, आजचा बाजार तयार. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला, असं चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याच्या शिलालेखात कोरलेलं आहे. आपल्याच मातीतली ही विद्या आहे, तिला घाबरायचं कशाला?

फक्त रीत लावण्याआधी एक पाहायचं: पहिली गोष्ट वाढली की दुसरी वाढते की घटते? डाळ जास्त तर पैसे जास्त, तिथे सरळ त्रैराशिक. चार गवंड्यांना सहा दिवस लागतात, तर तिघांना किती? इथे माणसं कमी झाली की दिवस वाढतात. काम एकूण चोवीस माणूस-दिवसांचं आहे, म्हणून तिघांना आठ दिवस.

काही गोष्टी यातल्या कुठल्याच रीतीत बसत नाहीत. चौघांच्या आमटीचं माप चाळीस जणांसाठी करताना डाळ दहापट घ्या, पण मीठ-तिखट एकदम दहापट टाकू नका. अनुभवी आचारी आधी कमीच टाकतात आणि चव पाहून वाढवतात. शिजायचा वेळही दहापट होत नाही.

मोठं पाकीट घेतलं की स्वस्तच पडतं ना?

बऱ्याचदा पडतं, पण दरवेळी नाही. दोनशे ग्रॅमचं पाकीट ४२ रुपयांना आणि पाचशे ग्रॅमचं ११० ला असेल, तर शंभर ग्रॅमला अनुक्रमे २१ आणि २२ रुपये पडतात. इथे लहान पाकिटं घेणं फायद्याचं. अनेक पाकिटांवर आता एमआरपीशेजारी प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर दरही छापलेला असतो, तो वाचा.

गोल वस्तूंत फसगत उलट्या बाजूने होते. सात इंची आणि दहा इंची पिझ्झात तीनच इंचांचा फरक दिसतो. पण क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असतं: सात इंचीचं साधारण साडेअडतीस चौरस इंच, दहा इंचीचं साडेअठ्ठ्याहत्तर. म्हणजे एक मोठा दोन लहानांपेक्षाही किंचित जास्तच. किंमत दुपटीपेक्षा कमी असेल तर मोठा घ्या.

‘२० टक्के सूट, वर आणखी १० टक्के’ म्हणजे ३० टक्के का नाही?

कारण दुसरे दहा टक्के आधीच कमी झालेल्या किमतीवर आहेत. हजाराचा कुर्ता २० टक्के सुटीने आठशेला आला. आठशेचे दहा टक्के ऐंशी. द्यायचे ७२०, सूट २८ टक्के. ‘एकावर एक मोफत’ ही ५० टक्के सूट, पण दोन वस्तू घेतल्या तरच. ‘दोनवर एक मोफत’ ही सव्वातेहतीसच्या आसपास.

कर मोजतानाही हाच प्रश्न येतो. १८ टक्के जीएसटी धरून एखाद्या वस्तूचे २,३६० रुपये झाले, तर त्यात कर किती? बरेच जण २,३६० चे १८ टक्के काढतात आणि ४२५ सांगतात. कर मूळ किमतीवर लागलेला असतो, म्हणून २,३६० ला १.१८ ने भागा. मूळ किंमत २,०००, कर ३६०.

भाव २० टक्के चढून पुन्हा २० टक्के उतरला तरी जागेवर येत नाही: १०० चे १२०, १२० चे ९६.

‘शेकडा दोन’ आणि बँकेचे ‘बारा टक्के’ यांत स्वस्त कोणतं?

या प्रश्नाला आम्ही सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण इथे चुकलेला हिशेब माणसाला वर्षानुवर्षं पुरतो.

‘शेकडा दोन’ म्हणजे शंभर रुपयांना महिन्याला दोन रुपये, वर्षाला २४ टक्के. बँका आणि पतसंस्था दर सांगतात तो वर्षाचा. त्यामुळे ‘दोन’ ऐकायला हलकं वाटलं तरी ते बाराच्या दुप्पट आहे. शेकडा तीन म्हणजे ३६ टक्के, शेकडा पाच म्हणजे ६०. तुलना करण्याआधी दोन्ही दर वर्षाचे करून घ्या.

पण एवढ्यावर थांबू नका. व्याज कशावर लावतात हे दरापेक्षाही महत्त्वाचं ठरू शकतं. एका बैठकीत एका ताईंनी शिवणयंत्रासाठी घेतलेल्या कर्जाची वही पुढे ठेवली. कर्ज १०,०००, महिना २ टक्के, दहा हप्ते. प्रत्येक हप्त्यात मुदलाचे हजार आणि व्याजाचे दोनशे, असे दहाही महिने १,२०० लिहिलेले. दोन टक्क्यांनी दहा हजारांचे दोनशेच होतात, मग चूक कुठे? आम्ही वहीच्या रिकाम्या बाजूला शेजारी दुसरा रकाना आखला. पहिल्या महिन्यात देणं दहा हजार, व्याज २००. दुसऱ्या महिन्यात एक हजार फिटलेले, देणं नऊ हजार, व्याज १८०. मग १६०, १४०, असं करत शेवटच्या महिन्यात देणं फक्त हजार, व्याज २०. दहा ओळींची बेरीज ११०० रुपये. वहीतलं व्याज होतं दोन हजार. शेवटच्या महिन्यात त्यांचं हजारच रुपये देणं राहिलेलं, तरी व्याज दहा हजारांचं भरलेलं.

पहिल्या पद्धतीला सपाट म्हणजे फ्लॅट दर म्हणतात, दुसरीला घटत्या शिलकेचा दर. सपाट दराने महिना २ टक्के म्हणत घेतलेलं हे कर्ज प्रत्यक्षात महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास पडलं. मोठ्या कर्जातही तेच होतं. एक लाख रुपये, तीन वर्षं, १० टक्के सपाट: व्याज ३०,०००, हप्ता साधारण ३,६११. तेच १० टक्के घटत्या शिलकेवर असते तर हप्ता ३,२२७ च्या जवळ आणि एकूण व्याज १६ हजारांच्या थोडं वर. उलट बाजूने पाहिलं, तर तो १० टक्के सपाट दर घटत्या शिलकेच्या जवळजवळ १८ टक्क्यांइतका आहे. लक्षात ठेवायचा ठोकताळा: दरमहा हप्त्यांच्या कर्जात सपाट दराची दुपटीहून थोडी कमी एवढी खरी किंमत असते.

म्हणून कर्ज घेताना तीन गोष्टी कागदावर लिहून मागा: दर वर्षाचा किती, तो सपाट की घटत्या शिलकेवर, आणि प्रक्रिया शुल्क वजा जाता हातात किती पडणार. लाखाचं कर्ज मंजूर होऊन ९८ हजार हातात आले, तरी व्याज लाखावरच चालतं.

पैसे किती वर्षांत दुप्पट होतील, हे पटकन कसं सांगायचं?

७२ ला व्याजदराने भागा. ८ टक्क्यांनी नऊ वर्षं, ६ टक्क्यांनी बारा. व्याजावर व्याज मिळत असेल तरच हे लागू होतं, आणि नेहमीच्या दरांना उत्तर अगदी जवळ येतं. महागाईलाही हाच ठोकताळा लावा: वर्षाला ६ टक्के महागाई राहिली, तर आज महिन्याला ३० हजारांत चालणारं घर बारा वर्षांनी ६० हजार मागेल. शेकडा तीनने उसने घेतले आणि व्याज तुंबत गेलं, तर ७२ भागिले ३, म्हणजे चोवीस महिन्यांत देणं दुप्पट.

सोनं घेताना घडणावळीमुळे नेमका किती फरक पडतो?

भाव ग्रॅमला दहा हजार धरू, आठ ग्रॅमचं २२ कॅरेटचं मंगळसूत्र. सोन्याचे ८०,०००. घडणावळ १२ टक्के, म्हणजे ९,६००. झाले ८९,६००. त्यावर ३ टक्के जीएसटी २,६८८. एकूण ९२,२८८. हेच उद्या मोडायला नेलं तर घडणावळ आणि कर परत मिळत नाहीत, सोन्याच्या भावाचेच पैसे मिळतात. म्हणजे भाव १५ टक्क्यांहून थोडा जास्त चढेल तेव्हा कुठे आपण बरोबरीत येतो. दागिना अंगावर घालायला घ्यायचा असेल तर खुशाल घ्या. गुंतवणूक म्हणून घेत असाल, तर हा पंधराचा आकडा आधी डोळ्यांपुढे ठेवा.

भाव २२ कॅरेटचाच सांगितला आहे ना, खड्यांचं वजन वजा केलं आहे ना आणि ‘तोळा’ म्हणताना दुकानदार दहा ग्रॅम धरतो की जुना ११.६६ ग्रॅमचा, तेही विचारा.

१०१ वं युनिट पडलं की सगळ्या बिलाला वरचा दर लागतो का?

नाही. महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे असतात: पहिली १०० युनिटं एका दराने, १०१ ते ३०० त्याच्या वरच्या दराने, आणि असंच पुढे. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. पहिल्या शंभरांना ५ रुपये आणि पुढच्यांना ११ धरले, तर १०० युनिटांचे ५०० आणि १०१ चे ५११. प्राप्तिकराचे टप्पेही याच रीतीने मोजतात.

याची दुसरी बाजू मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वाचवलेलं युनिट नेहमी वरच्या टोकाचं असतं. १३० युनिटांचं बिल ५०० अधिक ३३०, म्हणजे ८३०, सरासरी ६ रुपये ३८ पैसे. पण २० युनिटं वाचवली तर ती अकरा रुपयांच्या दरातली वाचतात, वाचले २२० रुपये. स्थिर आकार मात्र वापर कमी केला तरी तसाच राहतो.

युनिट मोजायला सोपं आहे. हजार वॅट एक तास चालले की एक युनिट. दोन हजार वॅटचा गीझर रोज अर्धा तास, तर दिवसाला एक, महिन्याला तीस. ७५ वॅटचा जुना पंखा पंधरा तास चालला तर १.१२५ युनिट, त्या जागी तीस वॅटचा बसवला तर ०.४५. महिन्याला साधारण वीस युनिटं वाचतात. नव्या पंख्याला जुन्यापेक्षा दीड हजार जास्त पडले, तर वरच्या दराने ते सात महिन्यांत वसूल. आठ महिने उन्हाळा-पावसाळा पंखे फिरणाऱ्या घरात हा हिशेब एकदा तरी करून पाहावा.

गॅसचं सिलिंडर भरलेलं आहे की नाही, कसं ओळखायचं?

वजनावरून. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचं वजन प्रत्येक टाकीवर लिहिलेलं असतं आणि ते टाकीगणिक वेगळं असतं. टाकीवर १५.३ दिसलं, तर भरलेली टाकी साडेएकोणतीस किलो भरली पाहिजे. घेतानाच वजन करून मागा.

सातबाऱ्यावर ०.८१.०० लिहिलंय. म्हणजे किती एकर?

हा आकडा हेक्टर, आर आणि चौरस मीटर असा वाचायचा. शून्य हेक्टर, ८१ आर. शंभर आर म्हणजे एक हेक्टर, आणि एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर. तेव्हा ०.८१ हेक्टर म्हणजे बरोबर दोन एकर. एक आर (१,०७६ चौरस फूट) आणि एक गुंठा (३३ बाय ३३, म्हणजे १,०८९ चौरस फूट) जवळजवळ सारखे आहेत. तोंडी बोलताना आरला गुंठा म्हटलं तर बिघडत नाही. खरेदीखत करताना मात्र म्हणू नका. चाळीस गुंठ्यांचा एकर, ४३,५६० चौरस फुटांचा.

वेड्यावाकड्या तुकड्याचं मोजमाप करताना गावोगाव एक रीत दिसते: समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. तुकडा काटकोनी चौकोन नसेल तर या रीतीने उत्तर दरवेळी खऱ्यापेक्षा जास्तच येतं, कमी कधीच नाही. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्येच या क्षेत्रफळाला ‘स्थूल’ म्हणून ठेवलं आहे. विकत घेणाऱ्याने हे जरूर ध्यानात ठेवावं.

बरोबर रीत अशी. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणा. उरलेल्या दोन कोपऱ्यांपासून त्या दोरीपर्यंत काटकोनात अंतर मोजा. दोरी २०० फूट, अंतरं ९० आणि ११० फूट असतील, तर दोन्ही अंतरांची बेरीज २००, गुणिले दोरी २००, त्याच्या निम्मे: २०,००० चौरस फूट. भागिले १,०८९, म्हणजे १८ गुंठ्यांच्या थोडं वर. हद्दीचा वाद असेल तर अर्थातच सरकारी मोजणीच चालते. पण व्यवहाराला बसण्याआधी आपला आकडा आपल्याजवळ असावा.

शिफारस हेक्टरी किलोत, खत गोणीत आणि शेत एकरात. मेळ कसा घालायचा?

आधी अडीचने भागून एकराचं करा. समजा माती परीक्षणानंतर हेक्टरी १२० किलो नत्र आणि ६० किलो स्फुरद सांगितलं आहे. एकराला अनुक्रमे ४८ आणि २४ किलो.

आता गोणीकडे पाहा. डीएपीच्या गोणीवर १८:४६ लिहिलेलं असतं: शंभर किलोत १८ किलो नत्र, ४६ किलो स्फुरद. ५० किलोच्या एका गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. म्हणजे एका गोणीत एकराचं स्फुरद जवळपास भागलं, आणि ९ किलो नत्रही आलं. ते वजा करा: ४८ उणे ९, उरलं ३९. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणून ३९ भागिले ०.४६, सुमारे ८५ किलो. ४५ किलोची गोणी, म्हणजे दोन गोणींना पाच किलो कमी.

डीएपीतलं नत्र वजा न करता ४८ किलोचा सगळा युरिया टाकला, तर १०४ किलो लागतो. एकरी वीस किलोच्या आसपास जास्तीचा युरिया, जो पिकाला नको आहे आणि पैसे मात्र खातो. दहा एकरांवर हे चार गोण्यांच्या पुढे जातं. विकत घेण्याआधी एक वजाबाकी करायची, एवढंच आहे.

फवारणीला हाच विचार. लिटरला २ मिली औषध आणि १५ लिटरचा पंप, तर पंपाला ३० मिली. एकराला २०० लिटर पाणी लागत असेल तर औषध ४०० मिली, पंप तेरा-चौदा. बाटली विकत घेण्याआधी हा गुणाकार करा, उरलेलं औषध घरात राहत नाही.

टाकीत किती पाणी बसतं? आणि गच्चीवरचं पावसाचं पाणी खरंच उपयोगी पडतं का?

लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजा, गुणाकार करा, २८.३ ने गुणा. ६ × ५ × ४ फुटांची टाकी १२० घनफूट, जवळपास ३,४०० लिटर. गोल टाकीला ३.१४ × त्रिज्या × त्रिज्या × उंची. टँकरवाला ‘दहा हजार लिटर’ म्हणतो तेव्हा टाकीतली पातळी किती चढायला हवी, हे आधीच काढून ठेवता येतं. वरच्या उदाहरणातल्या टाकीचा तळ ३० चौरस फूट आहे. पाणी एक फूट चढलं की ३० घनफूट, म्हणजे ८५० लिटरच्या आसपास.

पावसाचा हिशेब फार सुरेख बसतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर. हजार चौरस फुटांची गच्ची ९३ चौरस मीटर. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर ६५ हजार लिटर. गळती, बाष्प, पहिल्या सरीची घाण सोडली आणि ऐंशी टक्केच हाती लागलं, तरी ५२ हजार. शहरी पाणीपुरवठ्याच्या हिशेबात माणशी रोज १३५ लिटर धरतात, चौघांना ५४०. म्हणजे एका गच्चीत एका घराचं तीन महिन्यांचं पाणी. दर उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीने हा गुणाकार वार्षिक सभेत फळ्यावर करून दाखवावा, असं आम्हांला मनापासून वाटतं.

फरश्या किती मागवायच्या?

खोली १२ × ११ फूट, फरशी २ × २. क्षेत्रफळ १३२, भागिले ४, तेहतीस. कापाकापी, तुटफूट आणि पुढे कधी एखादी बदलावी लागली तर, म्हणून दहा टक्के वर, म्हणजे ३६-३७. खोक्यात चार येत असतील तर दहा खोकी. भिंतीच्या पायथ्याची पट्टी वेगळी मोजा: खोलीचा घेर उणे दाराची रुंदी. नंतर तोच रंग, तीच छटा मिळत नाही, म्हणून इथे थोडं जास्त घेतलेलं बरं.

मुलाची हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली आहे. सलग किती तास बसावं लागेल?

समीकरण न मांडता उत्तर मिळतं. ७५ टक्के म्हणजे प्रत्येक गैरहजेरीमागे तीन हजेऱ्या. ६० तासांपैकी ४० ला बसला, तर गैरहजर २०. वीसला तीनने गुणा: ६० हजेऱ्या हव्यात. ४० आहेत, आणखी २० हव्यात, तेही एकही न चुकवता. पडताळा: ८० पैकी ६०, बरोबर ७५ टक्के. पुढे तेवढे तास उरलेत का, हे मुलाने आजच पाहायचं.

तोंडी हिशेब जलद कसा करायचा? पूर्वीचे लोक पटापट सांगत.

त्यांचं पाठांतर तसं होतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, असे अपूर्णांकांचे पाढे शाळेत घोकून घेत. सगळे पाठ करायची आज गरज नाही, पण दिडकी आणि पाऊणकी अजून उपयोगाच्या आहेत. ६४ चे दीडपट ९६, म्हणून ६४ गुणिले १५ हे ९६०. पाऊणपट हवी तर चौथा हिस्सा काढून टाका: ४८० चे ३६०. पंचवीसने गुणायचं असेल तर शंभरपट करून चारने भागा. ५० चे १८ टक्के अडलं तर १८ चे ५० टक्के काढा, दोन्ही नऊच.

सुटे पैसे देताना वजाबाकी करू नका, मंडईतल्या भाजीवाल्या मावशी करतात तसं वर चढत जा. ३६७ झाले, पाचशेची नोट आली. तीन ठेवले, ३७० झाले. तीस ठेवले, ४००. शंभर ठेवले, पाचशे. हातावर १३३ आपोआप आले, आणि गिऱ्हाइकानेही बरोबरीने मोजले.

गणपती दरवर्षी पुढेमागे का होतात?

याचंही उत्तर वजाबाकीत आहे. चंद्राचे बारा महिने साधारण ३५४ दिवसांचे, आपलं कॅलेंडर ३६५ चं. फरक अकरा दिवसांचा. म्हणून २०२४ ची गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला आणि २०२५ ची २७ ऑगस्टला, अकरा दिवस अलीकडे. याच हिशेबाने २०२६ ची १६ ऑगस्टला यायला हवी, पण त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे. एक चांद्रमास मध्ये आला की तारीख तेवढीच पुढे सरकते: १६ ऑगस्ट अधिक २९ दिवस, १४ सप्टेंबर. अकरा-अकरा दिवस साठत महिनाभर व्हायला दोन वर्षं आठ-नऊ महिने लागतात, आणि तेव्हा अधिक मास येतो.

महिनाअखेर वही जुळत नाही. सगळ्या नोंदी पुन्हा तपासायच्या का?

आधी फरकाचा आकडा नीट पाहा, चूक कुठे असेल हे तोच बऱ्याचदा सांगतो. फरक एक, दहा, शंभर किंवा हजार असेल तर बेरजेतला हातचा राहिला असण्याची शक्यता मोठी. फरक सम असेल तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद शोधा. ६४० चा फरक आला आणि ३२० ची नोंद दिसली, तर ती जमेऐवजी नावे पडली आहे का पाहा.

फरकाला नऊने भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल झाली असेल किंवा शून्य गळलं असेल. ७२ चे २७ लिहिले तर ४५ चा फरक, ५०० चे ५० लिहिले तर ४५० चा. दोन्ही नवाच्या पाढ्यातले. भाग जातो का, हे पाहायला अंकांची बेरीज करा: ६३० ची बेरीज नऊ, म्हणजे जातो. ६३० ला ९० ने भागलं तर सात येतात. म्हणजे शेजारशेजारच्या ज्या दोन अंकांत सातचा फरक आहे अशी नोंद शोधायची, ८१० च्या जागी १८०, ९२० च्या जागी २९०, किंवा ७०० च्या जागी ७०. वही चाळताना आधी एवढ्याच नोंदी पावत्यांशी ताडून पाहा. तरी सापडलं नाही, तर मग पहिल्या पानापासून बेरीज करायची, आणि ती दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायची.